दिव्यांग बालकाचे कागदपत्र व शाळेची नोंदवही

रायगड जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता तेव्हा, १९८० साली, निराधार व अपंग व्यक्तींस दरमहा काही रक्कम देण्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात सुरू झाली. ती सुरू करणारे मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे याच जिल्ह्यातील, म्हसळा तालुक्यातील आंबेत गावचे होत. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, आणि तेच वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून दोन कायदे झाले, अनुदानाची रक्कम वाढत गेली, ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी दप्तरात रूढ झाला आणि टाचणीने टाचलेल्या अर्जाची जागा संगणकावरील अर्जाने घेतली. तरीही श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील खाडीकाठच्या वाड्यांवर असे मूल अजून आढळते की, ज्याचे अपंगत्व साऱ्या आळीस ठाऊक असते, परंतु एकाही सरकारी कागदावर त्याची नोंद नसते.

अंगणवाडी सोडली की अशा मुलाचा शासनाशी नित्याचा संबंध येतो तो शाळेतच. डॉक्टर त्यास वर्षातून एकदा पाहील, तहसील कचेरीतील कारकून कदाचित कधीच पाहणार नाही. शिक्षक मात्र रोज पाहतो. त्यामुळे दिव्यांगत्वाचा दाखला, ओळखपत्र आणि त्यावर अवलंबून असणारे साहाय्य मिळविण्याच्या कामात ग्रामशिक्षकाचा वाटा मोठा आहे. हे काम त्याच्या वेळापत्रकात कोठेही लिहिलेले नाही, आणि शिक्षकांवरील कागदी कामांचा भार आधीच जास्त आहे, हेही खरे. परंतु या विशिष्ट कामात शाळेच्या दप्तरातील एक नोंद चुकीची पडली तर तिचा त्रास त्या मुलास पुढे वीस वर्षे होतो. म्हणून त्याचा थोडा तपशीलवार विचार येथे केला आहे.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने घेतली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; नव्यात २१ आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, सिकलसेल, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्यामुळे आलेले अपंगत्व इत्यादींचा समावेश आहे. पाय वाकडा आहे किंवा डोळा गेला आहे एवढ्यावरच ज्यांची दृष्टी थांबते, त्यांनी ही यादी एकदा पूर्ण वाचावी. यू-डायसच्या माहितीपत्रकात विशेष गरजा असलेल्या बालकांचा जो रकाना असतो, तो भरताना हिचा उपयोग होतोच.

ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्यास कायदा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेली व्यक्ती मानतो. बहुतेक सवलती या मर्यादेपासून सुरू होतात. अशा बालकास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे येथे सांगून ठेवणे इष्ट. दाखला लागतो तो साहाय्यासाठी.

नोंदवहीतील नाव

दाखल्याच्या कामात सर्वांत जास्त अर्ज अडतात ते वैद्यकीय कारणासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रामीण भागात अर्ज अडण्याचे कारण पुष्कळदा त्याहून साधे असते. मुलाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मूल जन्मले तेव्हा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नावाची जागा रिकामी राहिली, अथवा तेथे केवळ आईचे व बापाचे नाव आले. अंगणवाडीच्या वहीत घरचे लाडके नाव पडले. आधारपत्र काढताना चालकाने रोमन लिपीत जे उच्चारानुसार सुचले ते टंकित केले व त्यावरून यंत्राने मराठी नाव तयार केले. शाळेत दाखल करताना आजीने तिसरेच सांगितले. कोळीवाड्यात वडिलांचे नाव विचारले असता गावात ज्या नावाने हाक मारतात ते सांगितले जाते, आणि कागदावरील नाव त्याहून निराळे असते. कातकरी वाडीवर आडनाव ‘वाघमारे’ की ‘पवार’ एवढेच नव्हे, तर आडनाव लिहावयाचे की केवळ ‘कातकरी’ असे लिहावयाचे, याविषयीही एकाच घरातील दोन भावांच्या कागदांत भेद आढळतो. माणसाच्या दृष्टीने ही सारी नावे एकाच मुलाची असतात. संगणकाच्या दृष्टीने ती चार मुले होतात.

म्हणून पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरात नाव व जन्मतारीख लिहिण्यापूर्वी जन्मदाखला व आधारपत्र समोर ठेवून ताडून पाहावे. जन्मनोंदीत नाव नसेल तर ते तेथे नोंदवून घेण्यास पालकांस प्रथम ग्रामपंचायतीकडे पाठवावे. जन्माची नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदणीची रीत लांबलचक आहे. मूल एक वर्षाहून मोठे झालेले असल्यास त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून धरण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात झाली आहे. ही मुले थोड्याच वर्षांत शाळेच्या दारात येतील. त्या वेळी ‘अंदाजे १ जून’ ही जुन्या शिक्षकांची आवडती जन्मतारीख उपयोगी पडणार नाही.

एकदा पडलेली नोंद मुख्याध्यापकाने आपल्या अधिकारात खोडून दुरुस्त करू नये. त्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. चूक शाळेची असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विनाविलंब पाठवावा. आधारपत्राची चूक असेल तर ते आधी सुधारावे आणि मगच दिव्यांगत्वाचा अर्ज करावा. हा क्रम उलटला, तर नव्या ओळखपत्रावरही जुनीच चूक उतरते, आणि मग दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते.

आधाराविषयी आणखी एक गोष्ट. लहानपणी काढलेल्या आधारपत्रावर बोटांचे ठसे नसतात. वयाच्या ५ व्या व १५ व्या वर्षी ते नव्याने द्यावे लागतात. ज्या मुलास हाताची बोटे नाहीत, किंवा ज्याच्या डोळ्यांचे चित्र घेता येत नाही, त्याची नोंदणी अपवाद म्हणून करण्याची सोय नियमांत आहे. केंद्रचालकास ती ठाऊक नसल्यामुळे मूल परत पाठविले गेले, तर शिक्षकाने त्यास ही तरतूद सांगावी, अथवा पालकांसोबत तशी चिठ्ठी द्यावी.

पावसाळ्याचे दोन महिने

संकेतस्थळावर अर्ज भरताना मोबाइलवर संकेतांक येतो, ज्यास आता सर्वत्र ओटीपी म्हणतात, आणि तो काही मिनिटांतच भरावा लागतो. शहरात यात काही अडचण नाही. परंतु घरातील एकुलता मोबाइल बापाच्या खिशात, आणि बाप मासेमारीच्या बोटीवर किनाऱ्यापासून दूर, अशी स्थिती असेल तेव्हा आई सेवा केंद्रावर तासभर बसून घरी परतते. तिला काय अडले हेही नीट सांगता येत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. बोटी वर ओढलेल्या असतात व खलाशी घरी असतात. वीटभट्टीवर व कोळशाच्या कामावर गेलेली कातकरी कुटुंबेही पावसाच्या तोंडावर परत आलेली असतात. नेमक्या याच सुमारास शाळा उघडते आणि प्रवेशाच्या निमित्ताने पालक शाळेत येतात. म्हणून कागदपत्रे जुळविण्याचे काम जून व जुलै यांत उरकून घ्यावे. दिवाळीनंतर याच कुटुंबांस गाठणे कठीण होते. अर्जात कोणाचा मोबाइल क्रमांक द्यावयाचा याचाही विचार करावा. घरी राहणाऱ्या आईच्या, काकाच्या वा आजोबांच्या नावचा क्रमांक दिलेला बरा. शिक्षकाने आपला क्रमांक देण्याचा मोह टाळावा. बदली झाली की क्रमांकाबरोबर मुलाचा अर्जही दूर जातो.

कागद सांभाळण्याचा प्रश्नही या किनाऱ्यावर वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूस घरांची छपरे उडून गेली. छपराखालच्या पेटीत मुलाचा एकुलता एक दाखला असेल तर तोही पाण्याबाहेर राहत नाही. प्रत्येक कागदाची एक छायाप्रत शाळेत मुलाच्या नावाच्या धारिकेत असावी, आणि शक्य तेथे पालकाच्या मोबाइलमध्ये डिजिलॉकर उघडून द्यावे.

संकेतस्थळावरील अर्ज

दिव्यांगत्वाचा दाखला केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच द्यावयाचा, असा नियम १ जून २०२१ पासून सर्व राज्यांत लागू आहे. त्यापूर्वी महाराष्ट्रात २०१२ पासून एसएडीएम या राज्याच्या संगणक प्रणालीतून दाखले मिळत. ज्या मुलाजवळ वा प्रौढाजवळ असा जुना दाखला आहे, त्याने तो टाकून न देता, अर्ज भरताना ‘पूर्वीचा दाखला आहे’ असे नमूद करून त्याची प्रत जोडावी. नव्या ओळखपत्रास वैश्विक ओळखपत्र किंवा यूडीआयडी म्हणतात. त्यावर १८ अक्षरांकांचा क्रमांक असतो. केंद्राच्या १७ योजनांसाठी हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झालेला आहे, आणि राज्याच्या योजनांतही तोच मागितला जातो.

या अर्जास शासनाची फी नाही. सेवा केंद्रचालक आपल्या श्रमाचे काही घेईल ते वेगळे. परंतु ‘दाखल्याचे पैसे’ म्हणून कोणी रक्कम मागत असेल तर ती देऊ नये, असे पालकांस स्पष्ट सांगावे. अर्जासाठी मुलाचे छायाचित्र, सहीची किंवा अंगठ्याची प्रतिमा, ओळखीचा व राहण्याचा पुरावा एवढे लागते. प्रतिमेचा आकार ठरलेल्या मर्यादेत नसला तर यंत्र ती घेत नाही, आणि नाकारण्याचे कारण इंग्रजीत दाखविते. ज्या शाळेत संगणक व जाळे चालू आहे तेथे हे काम शाळेतच अर्ध्या तासात होते. अर्ज भरताना कोणत्या रुग्णालयात तपासणी व्हावी हे निवडावे लागते. येथे घाईने यादीतील पहिलेच नाव निवडले जाते व मूल भलत्याच जिल्ह्यातील रुग्णालयाच्या यादीत जाऊन बसते, असेही घडते. अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक धारिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार अर्ज केल्यापासून ३ महिन्यांच्या आत दाखला द्यावयाचा असतो. पूर्वी ही मुदत एक महिन्याची होती. मुदत वाढल्याने कामाची गुणवत्ता वाढेल अशी अपेक्षा असावी. खेड्यातील पालकास मात्र ती थांबण्याची मुदत वाटते. अर्ज दोन वर्षे निर्णयावाचून पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. त्यामुळे ‘अर्ज तर केला आहे’ या समाधानावर राहू नये.

अलिबागची फेरी

तपासणीसाठी मुलास रुग्णालयात समक्ष न्यावे लागते. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडील पालकास ही मोठी अडचण असते. श्रीवर्धनहून माणगावच्या बाजूने अलिबागेस जाणारा रस्ता शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. दिघी ते आगरदांडा अशी राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडून मुरूड, रेवदंडा मार्गे गेल्यास अंतर कमी होते, परंतु गाड्या बदलाव्या लागतात, आणि चालू न शकणाऱ्या मुलास कडेवर घेऊन प्रत्येक ठिकाणी चढ-उतार करावी लागते. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांस ७५ टक्के सवलत आहे. मात्र ती ओळखपत्रावर मिळते, आणि ओळखपत्र मिळविण्यासाठी केलेल्या प्रवासात ती मिळत नाही. मजुरी बुडते ती निराळीच. अशी एक फेरी व्यर्थ गेली की पालक दुसरी करीत नाहीत. मुलाचा हक्क बहुधा या दुसऱ्या फेरीच्या अभावी बुडतो.

म्हणून पहिल्याच फेरीत काम व्हावे अशी तयारी हवी. त्या त्या प्रकारच्या दिव्यांगत्वाच्या तपासणीचा वार कोणता, हे रुग्णालयात आधी विचारून घ्यावे. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात. तालुक्यात तपासणी शिबिर होणार असल्यास त्यांस ते प्रथम कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येते. त्याच्या संदर्भपत्राचा उपयोग होतो. ते पथक यावयाच्या दिवशी ज्या मुलाविषयी शंका आहे ते नेमके गैरहजर राहते, हा अनुभव पुष्कळ शाळांचा असेल. त्यास आदल्या दिवशी घरी जाऊन सांगणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

ऐकू न येणाऱ्या लहान मुलाची मेंदूच्या प्रतिसादावरून करावयाची श्रवणचाचणी ते झोपलेले असताना घेतात. प्रवासभर गाडीत झोपलेले मूल रुग्णालयात पोचल्यावर टक्क जागे असते, आणि चाचणी होत नाही. आईस ही गोष्ट आधी सांगितली तर ती मुलास वाटेत जागे ठेवील. या चाचणीची सोय जवळ नसल्यास मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडेही जाता येते. बुद्धिमापनाच्या चाचणीत भाषेचा प्रश्न येतो. ज्याच्या घरी कातकरी बोलली जाते, ते मूल प्रमाण मराठीतील प्रश्नास गप्प राहिले, तर ते न समजल्यामुळे की न कळलेल्या शब्दामुळे, हे परक्या माणसास उमगत नाही. अशा वेळी मुलाची बोली जाणणारे कोणीतरी सोबत असावे.

शिक्षकाचे टिपण

मुलासोबत शिक्षकाने एक निरीक्षण टिपण द्यावे. ते अर्जातील सक्तीचे पत्र नव्हे; परंतु तपासणाऱ्या डॉक्टरास मूल पंधरा मिनिटे दिसते, आणि शिक्षकाने त्यास दोनशे दिवस पाहिलेले असते.

हे टिपण कसे लिहावे हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे. ‘मुलगा अभ्यासात कच्चा असून मंद आहे, तरी त्यास दाखला मिळावा’ असे टिपण डॉक्टरास काहीही सांगत नाही, उलट मुलावर एक शिक्का मारते. त्याऐवजी असे लिहावे: ‘दुसऱ्या रांगेत बसविल्यास फळ्यावरील अक्षर वाचू शकत नाही. पहिल्या रांगेतून, अक्षर बोटभर उंच असल्यास वाचतो. वही डोळ्यांपासून चार बोटांवर धरतो. ढगाळ दिवशी मैदानात ठेच लागते. संध्याकाळी घरी जाताना बहिणीचा हात धरतो. ऑगस्टपासून हे वाढले आहे.’ यात रोगाचे नाव कोठेही नाही, आणि ते शिक्षकाने देऊही नये. काय दिसले, केव्हापासून दिसले, कोणत्या कामात अडते आणि कोणत्या कामात अडत नाही, एवढेच लिहावे. अडत नाही ते लिहिण्यास संकोच करू नये. त्यानेच उरलेल्या निरीक्षणावर विश्वास बसतो.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर शिक्षकाचे निरीक्षण हाच तपासणीचा आरंभ असतो. ही अक्षमता इयत्ता तिसरीच्या अथवा वयाच्या ८ वर्षांच्या सुमारास पडताळून पाहावयाची असते. तोंडी गणिते अचूक करणारे, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगणारे, परंतु दोन ओळी वाचताना घामाघूम होणारे मूल प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी पाहिलेले असते. त्याच्या वहीतील चार-पाच पाने, तारखांसह, जपून ठेवावीत. दर महिन्यास एक पान पुरे.

टक्केवारीविषयी

दाखल्यावर जी टक्केवारी येते तिच्याविषयी पालकांस आधीच खरी कल्पना द्यावी. एक डोळा पूर्ण गेलेला असून दुसरा चांगला असल्यास दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. म्हणजे ४० टक्क्यांच्या सवलती त्यास मिळत नाहीत. एका कानाने ऐकू येत नाही परंतु दुसरा चांगला आहे, अशा मुलाचेही तसेच. कायद्यातील व्याख्या दोन्ही कानांतील ६० डेसिबल वा त्याहून अधिक श्रवणऱ्हासाची आहे. ‘मास्तरांनी सांगितले म्हणून गेलो आणि काही मिळाले नाही’ असा बोल लागू नये, यासाठी हे आधीच सांगणे बरे.

नव्या ओळखपत्राच्या रंगावरून ही मर्यादा लगेच कळते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे, ८० टक्के व त्यापुढे निळे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेस ८० टक्क्यांची अट आहे. शिवाय वय १८ पूर्ण व कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते.

टक्केवारी वाढवून मागण्याचा आग्रह कोणी धरल्यास शिक्षकाने त्यात पडू नये. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. बदलीतील सवलतीसाठी खोटे दाखले दिल्यावरून राज्यातील काही जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांवरच कारवाई झाली, ही गोष्ट या पुस्तिकेच्या वाचकांस ठाऊक आहे. तिचा परिणाम असा झाला की, दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि खरोखरीच्या दिव्यांगासही पुन्हा रांगेत उभे राहावे लागले.

तहसील कचेरी व बँक

दाखला हाती आल्यावर शाळेकडून मिळणाऱ्या गोष्टी प्रथम पाहाव्यात. समग्र शिक्षेतून प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य व उपकरणे मिळतात. विशेष गरजा असलेल्या मुलींस दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वर्षातून १० महिने असतो. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून शालांतपूर्व शिष्यवृत्ती आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत याविषयी विचारणारा कोणी नसला तर तो भाग तसाच राहतो.

संजय गांधी योजनेचा अर्ज तहसील कचेरीत होतो. ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी आहेत. अज्ञान मुलाच्या वतीचे व्यवहार पालकाने करावयाचे असतात. जुलै २०२३ मध्ये या योजनेची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. उत्पन्नाची मर्यादा मात्र महिना हिशेबाने सुमारे ४,१६७ रुपये पडते. बोटीवरील खलाशी किंवा गवंड्याच्या हाताखालचा बिगारी इतके तर कमावतोच. तेव्हा ही मर्यादा रकमेप्रमाणे वाढली पाहिजे होती, असे म्हणणे भाग आहे. उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला गावकामगार तलाठ्याच्या अहवालावर मिळतो. २०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, आणि पालक अर्थातच ‘तलाठी आप्पा’ म्हणूनच विचारीत जातात. वास्तव्याच्या व वयाच्या पुराव्यास शाळा सोडल्याचा दाखला चालतो. घरातील मोठ्या माणसाच्या अर्जासाठी असा जुना दाखला शोधून देण्याची विनंती आल्यास, कपाटातील जुनी रजिस्टरे काढण्याचा कंटाळा करू नये.

प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या राज्य कायद्यात ज्या दाखल्यांस मुदत ठरलेली आहे, त्यांच्याबाबत पोचेवरील तारखेपासूनच मुदत मोजतात. पोच नसेल तर अपील करता येत नाही.

मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचा एक प्रकार अलीकडे वाढला आहे. अनुदान आता आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात जाते. एका व्यक्तीची तीन खाती असली, तरी आधाराशी शेवटी जे खाते या कामासाठी संलग्न झाले असेल त्यातच रक्कम पडते. आई बँकेत जाऊन पासबुक भरून आणते व त्यात काही दिसत नाही. रक्कम दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात महिनोन्‌महिने जमा होत असते. ‘खात्यास आधार जोडला आहे का’ या प्रश्नास बँक होय म्हणेल. त्यामुळे ‘थेट लाभासाठी कोणते खाते संलग्न आहे’ असे विचारावे. जवळ बँक नसल्यास टपाल खात्याच्या बँकेचे खाते पोस्टमन घरी येऊन उघडून देऊ शकतो. लाभार्थी हयात असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबते.

नाकारलेला अर्ज व पुढील वर्षे

दाखला नाकारला गेल्यास त्याचे कारण लेखी मिळाले पाहिजे, अशी नियमात तरतूद आहे, आणि कायद्याच्या ५९ व्या कलमान्वये त्यावर अपील करता येते. तोंडी नकार घेऊन परत येऊ नये, असे पालकांस निघतानाच बजावावे.

वाढत्या वयात बदलू शकणाऱ्या दिव्यांगत्वासाठी दाखला तात्पुरता मिळतो व त्यावर समाप्तीची तारीख असते. पालक तो चौकटीत लावून भिंतीवर टांगतात, आणि तारीख उलटून गेल्याचे अनुदान बंद पडल्यावर कळते. ही तारीख धारिकेच्या मुखपृष्ठावर लिहावी व तिच्या सहा महिने आधी फेरतपासणीचा अर्ज करवून घ्यावा. मूल शाळा सोडून पुढील शाळेत जाईल तेव्हा धारिकेची प्रत त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पोचवावी, व मूळ कागद पालकांस सही घेऊन परत द्यावेत.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार प्रकारांतील मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दोन वेगळ्या सोयी आहेत. ‘निरामय’ योजनेत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचे विमासंरक्षण मिळते. दुसरी सोय पालकत्वाची. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, आणि बँक त्यांची सही मानीनाशी होते. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमून घेण्याचा अर्ज अलिबागेस करावा लागतो. त्या अर्जासही दिव्यांगत्वाचा दाखला व जन्मतारखेचा पुरावा जोडावा लागतो, आणि त्या दोन्ही कागदांवरील नाव पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी शाळेने लिहिलेल्या नावाशी ताडून पाहिले जाते.